परवान्यांचे बंदर : जयगड आणि कंपनीच्या विधी अधिकाऱ्याचा इतिहास

कंपनीच्या पगारावर राहून कंपनीलाच कायदा सांगणारा विधी अधिकारी भारतीय वकिलीत तसा अलीकडे आला. त्याच्या टेबलावर येणारे प्रश्न मात्र जुने आहेत. परवाना कोणी दिला, कशासाठी दिला, त्याची मुदत किती, अट मोडली तर जबाब कोण देणार, हे प्रश्न शास्त्री नदीच्या मुखावरच्या जयगडला किमान तीन शतके विचारले जात आहेत. आज तिथे औष्णिक वीज प्रकल्प आहे, खोल पाण्याचे खासगी बंदर आहे आणि खाडीच्या आत लावगणला जहाजे बांधण्याचा कारखाना आहे. या प्रत्येकाच्या मागे परवानग्यांची मोठी चळत आहे आणि ती सांभाळणारी माणसे आहेत. त्या माणसांच्या कामाचा इतिहास जयगडच्या इतिहासातून चांगला उलगडतो.

जयगडचा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीत उभा राहिला. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात आला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने छत्रपती शाहू आणि कान्होजी यांच्यात तह झाला. त्या तहाने सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले आंग्र्यांकडे कायम झाले. समुद्रावर सत्ता कोणाची, हे तेव्हा एका कागदावर ठरत असे. पोर्तुगीज आपला कार्ताझ घेतल्याशिवाय गलबतांना सुखाने जाऊ देत नसत. आंग्रेही आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आपला दस्तक घ्यावा, असा आग्रह धरत. दस्तक नसलेले गलबत आंग्र्यांचे आरमार पकडत असे. मुंबईच्या इंग्रजांना आंग्र्यांचा हा अधिकार मान्य नव्हता आणि दोघांच्या दीर्घ वैराचे ते एक मोठे कारण होते. माल तोच, गलबत तेच, तांडेलही तोच. परवाना देणाऱ्याचा अधिकार मान्य आहे की नाही, एवढ्यावर व्यापारी की चोर हे ठरायचे. कोणत्या गोष्टीला कोणत्या प्राधिकरणाची परवानगी लागते, हे तपासणे आजच्या विधी अधिकाऱ्याचे पहिले काम आहे. त्या काळी ते काम नाखव्याला स्वतःच करावे लागे आणि चूक झाली तर गलबत गमवावे लागे.

याच वैराच्या छायेत मुंबईत एक खटला चालला. कंपनीत काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाने तो वाचावा असा आहे. रामा कामती हा मुंबईतला मातब्बर शेणवी व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीच्या विश्वासातला होता. वाळकेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यानेच केला. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, १७२० मध्ये, कामतीने कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप ठेवला गेला. पुराव्यासाठी त्याच्या नावची पत्रे पुढे आली. साक्षीदाराचा छळ करून कबुली घेतली गेली. त्याला शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली आणि कैदेतच त्याचा मृत्यू झाला. पत्रे बनावट होती, हे नंतर उघड झाले. फिर्यादी कंपनी होती, न्यायासनावर बसलेले लोकही मुख्यतः तिचेच नोकर होते आणि कागद खरा की खोटा हे तपासून वरिष्ठांना ‘थांबा’ म्हणणारे कोणी नव्हते. संस्थेच्या आत स्वतंत्र मत देणारा माणूस नसला तर संस्था आपल्याच माणसाचा बळी कसा घेते, याचे इतके स्पष्ट उदाहरण कोकण-मुंबईच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण. १७२६ च्या सनदेने मुंबईत मेयर कोर्ट आले, तरी कंपनीच्या वर्चस्वाची ही अडचण पुरती संपायला बराच काळ जावा लागला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि जयगड इंग्रजांकडे गेला. दस्तकाची जागा छापील नमुन्यांनी घेतली. १८३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या किनारी गलबतांची नोंदणी आली. १८७८ मध्ये सागरी जकातीचा, १८८२ मध्ये धक्क्यावरच्या उतराई शुल्काचा आणि १९०८ मध्ये बंदरांचा कायदा झाला. मुंबईहून दक्षिणेला जाणाऱ्या आगबोटी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा थांबत. उतारू पडावातून बोटीवर चढत आणि गावचे चाकरमानी याच वाटेने गिरणीत जात. त्या काळात कंपनीचा कायदा सांभाळणारा माणूस मुंबईच्या फोर्टात बसलेला सॉलिसिटर होता. तो कंपनीचा नोकर नव्हता. क्रॉफर्ड बेली, लिटल अँड कंपनी यांसारख्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून व्यापारी घराण्यांचे करार, कर्जरोखे आणि दावे बघत. बहुतेक मोठ्या कंपन्या मॅनेजिंग एजन्सीच्या हातात होत्या आणि एजन्सीचा सॉलिसिटर तोच कंपनीचाही सॉलिसिटर, असा प्रकार सर्रास असे.

कोकणाने या काळात थोर वकील दिले. दापोलीजवळच्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक मुंबई उच्च न्यायालयात नावाजले आणि सरकारी वकील झाले. परशुरामजवळच्या पेढ्यात जन्मलेल्या पां. वा. काण्यांनी वकिली करत धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पण हे सारे न्यायालयातले वकील. अशिलाच्याच कचेरीत रोज बसणारा वकील त्यांच्या पिढीने पाहिला नव्हता.

तो आला स्वातंत्र्यानंतर, आणि मागच्या दाराने आला. १९५६ च्या कंपनी कायद्याने विवरणपत्रे, सभा, नोंदवह्या यांचा पसारा वाढवला. १९७० मध्ये मॅनेजिंग एजन्सी पद्धत बंद झाली आणि कंपन्यांना आपले कामकाज आपणच चालवावे लागले. १९७४ च्या दुरुस्तीने ठरावीक भांडवलाच्या वरच्या कंपन्यांना पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमणे सक्तीचे झाले. १९८० च्या कायद्याने त्या व्यवसायाला स्वतंत्र मान्यता दिली. भारतीय कंपन्यांत ‘लीगल’ आणि ‘सेक्रेटरिअल’ ही खाती आजही एका दाराआड दिसतात, त्याचे मूळ इथे आहे. त्याच सुमारास बाहेरच्या जगातही हा बदल घडत होता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९८७ मध्ये बेन हाइनमन यांना मुख्य विधी अधिकारी नेमले. बाहेरच्या पेढ्यांतले नाणावलेले वकील त्यांनी कंपनीत आणले आणि कंपनीतली वकिली म्हणजे दुय्यम नोकरी, हा समज तिथे मोडू लागला.

भारतात या पदाला खरे वजन आले ते भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ मधल्या वायुकांडाने आणि पुढच्याच वर्षी दिल्लीत झालेल्या ओलियम गळतीने कायद्याची भाषा बदलली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. धोकादायक उद्योगाने झालेल्या हानीची भरपाई कोणतीही सबब न सांगता द्यायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ओलियम प्रकरणात सांगितले. १९८७ मध्ये कारखाने कायदा दुरुस्त झाला आणि कंपनीच्या कारखान्याचा ‘ऑक्युपायर’ संचालकच असला पाहिजे असे ठरले. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात वैध ठरवली. खालच्या व्यवस्थापकाला पुढे करून वरच्यांनी सुटण्याची वाट त्यामुळे बंद झाली आणि संचालकांना आपल्या विधी अधिकाऱ्याची किंमत कळली.

जयगडच्या उत्तरेला, तवसाळच्या पलीकडे गुहागर तालुक्यात, याच काळात कोकणाने एक महागडा धडा घेतला. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला. पुढे तो नव्या अटींवर पुन्हा झाला आणि २००१ मध्ये कंपनीचा अंजनवेलचा प्रकल्प बंद पडला. त्या करारामागे जगातले नामांकित वकील होते. तरीही विजेचा दर परवडणार नाही हे वास्तव आणि गावांचा विरोध यांपुढे कागद टिकले नाहीत. रत्नागिरीजवळचा स्टरलाइटचा तांबे प्रकल्पही १९९३ मधल्या आंदोलनानंतर जिल्ह्याबाहेर गेला. कायदेशीर परवानगी मिळाली म्हणजे प्रकल्प उभा राहिला असे नाही, हे रत्नागिरी जिल्ह्याइतके थोड्याच जिल्ह्यांना ठाऊक असेल.

जयगडला नवे उद्योग आले ते या अनुभवाच्या पाठीवर. लहान बंदरांसाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड स्थापन झाले होते. त्या बोर्डाशी २००८ मध्ये पन्नास वर्षांचा सवलत करार होऊन जेएसडब्ल्यू समूहाचे बंदर २००९ मध्ये सुरू झाले. शेजारचा १,२०० मेगावॅटचा, ३०० मेगावॅटच्या चार संचांचा वीज प्रकल्प २०१० ते २०११ दरम्यान टप्प्याटप्प्याने कार्यान्वित झाला. त्याला पर्यावरण मंजुरी २००७ मध्ये मिळाली होती आणि वाद तिथूनच पेटला. कोळशाच्या धुराचा हापूस आंब्यावर काय परिणाम होईल, हा बागायतदारांचा प्रश्न होता. अभ्यासात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे नाव आले आणि प्रकरण २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. मोहोर, फळगळ, साका या बागायतदाराच्या रोजच्या काळज्या आता शपथपत्रांत लिहिल्या जाऊ लागल्या. अशा खटल्यात कंपनीची बाजू मांडणाऱ्याला भारनियमन आणि विजेचे दर ठाऊक असून भागत नाही; पौष-माघातल्या मोहोराचेही ज्ञान लागते.

जयगडसारख्या ठिकाणी विधी अधिकाऱ्याचा सर्वांत अवघड विषय जमीन हा आहे. तिथे इतिहास थेट कामाला येतो. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. खोत सरकारला धारा भरायचा आणि कुळांकडून त्याहून कितीतरी जास्त वसूल करायचा. ही पद्धत मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने. त्याआधीच्या वर्षी कूळकायदा झाला होता. परिणामी एकाच कातळाच्या तुकड्यावर जुन्या खोताचे वारस, कुळाचे वारस आणि वहिवाटदार असे तिघांचे हक्क एकमेकांत अडकलेले आढळतात. निम्मे वारस मुंबईत, काही परदेशात. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आणि खाली ‘इतर हक्क’ या रकान्यात जुनी नोंद, असे चित्र नेहमीचे आहे. अशा जमिनीचा एकाच सहहिस्सेदाराकडून सौदा केला तर उरलेले भाऊबंद दहा वर्षांनीही दावा लावू शकतात.

म्हणून कोकणातला जाणता विधी अधिकारी केवळ चालू सातबाऱ्यावर विसंबत नाही. फेरफारांची साखळी तो खोती संपल्याच्या काळापर्यंत मागे नेतो, आठ-अ आणि गटाचा नकाशा जुळवतो, वारसनोंद अपुरी असेल तर ती आधी पूर्ण करून घेतो. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास कूळकायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी आहे. औद्योगिक वापरासाठीची वाट कलम ६३-१अ मधून जाते आणि तिच्या मुदती व अटी वेगळ्या पाळाव्या लागतात. यानंतर त्याने स्वतः जागेवर जावे. कागदावर पोटखराब म्हणून लिहिलेल्या कातळावर गुरे चरत असतात, पावसाळी भात होतो, देवराई असते, पाखाडी जाते. जिल्ह्यातल्या कातळांवर कातळशिल्पेही आहेत. यातले काहीच सातबाऱ्यावर उमटत नाही आणि वाद मात्र यांवरूनच उभे राहतात. मुंबईच्या मुख्य कचेरीतून आलेला इंग्रजी अहवाल इथे अपुरा पडतो. तलाठ्याच्या दप्तरातली मराठी आणि जुन्या कागदांतली मोडी वाचू शकणारा, किंवा वाचणाऱ्याला हाताशी धरणारा वकील कंपनीचे कित्येक वर्षांचे खटले वाचवतो.

चालू कारखान्याचे अनुपालन ही दुसरी बाजू. कचेरीत तिला सगळे ‘कंप्लायन्स’च म्हणतात. तिचा पाया तारखांवर आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीच्या अटींचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायच्या पर्यावरण विवरणपत्राची मुदत ३० सप्टेंबर. जल व वायू कायद्यांखालच्या संमतिपत्राची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज जावा लागतो. कोळशावरच्या प्रकल्पाला राखेच्या विनियोगाचा हिशेब वेगळा, बंदराला किनारा नियमन क्षेत्राच्या अटी वेगळ्या आणि सीमाशुल्क खात्याच्या आणखी वेगळ्या. दिनदर्शिका बनवणे सोपे आहे. प्रत्येक अटीसमोर एका माणसाचे नाव लिहिणे आणि त्याच्याकडून पुरावा मागणे कठीण, आणि तेच खरे काम. मंजुरीपत्रातली अट ‘वृक्षारोपण करावे’ अशी असेल तर झाडे कोणी लावली, किती जगली, त्याचा फोटो आणि तारीख कुठे आहे, हे फाइलमध्ये हवे. तपासणीच्या आदल्या रात्री जमवलेला पुरावा अनुभवी निरीक्षक लगेच ओळखतो.

जनसुनावणीलाही विधी अधिकाऱ्याने लोककल्याणाचा देखावा समजू नये. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे, किमान तीस दिवसांची सूचना देणे आणि जिल्हा प्रशासनाच्या अध्यक्षतेखाली प्रत्येकाचे म्हणणे नोंदवणे हे नियमातच आहे. तिथे मच्छीमाराने जाळी टाकण्याच्या जागेबद्दल सांगितलेली गोष्ट नोंदीत आली आणि अहवालात तिचे उत्तर नसले, तर पुढे न्यायालय नेमके तेच पान उघडते.

नियम पाळण्याचा अर्थ किती थेट असतो, हे डिसेंबर २०२४ मध्ये जयगड परिसराने पाहिले. वायुगळतीमुळे शाळकरी मुलांना त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. घातक रसायनांच्या साठवणुकीचे १९८९ चे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा, कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी आपत्ती आराखडा, या साऱ्या तरतुदी अशाच प्रसंगासाठी केलेल्या आहेत. शाळेला धोक्याची सूचना किती मिनिटांत पोहोचते, शिक्षकांनी मुलांना कुठे न्यायचे, जवळच्या दवाखान्यात त्या रसायनाची माहिती आहे का, हे विधी खात्याने सुरक्षा खात्याला वारंवार विचारले पाहिजे. आराखडा मराठीत गावाकडे पोहोचला नसेल तर तो मंजूर असूनही निरुपयोगी आहे.

या कामातला अंतर्गत पेच कायद्याच्या दोन प्रश्नांत दिसतो. पहिला, विधी अधिकाऱ्याने दिलेला सल्ला गोपनीय आहे का. मुंबई उच्च न्यायालयाने विजय मेटल वर्क्स प्रकरणात पगारी विधी सल्लागारालाही संरक्षण मिळू शकते असे मानले होते. युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात उलट भूमिका घेतली, कारण पगार देणाऱ्यापासून नोकर पुरेसा स्वतंत्र नसतो. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कंपनीच्या नोकरीतल्या वकिलाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे वकिलाचे संरक्षण नाही. विधी सल्लागाराशी झालेल्या संवादापुरते कलम १३४ चे मर्यादित संरक्षण आहे. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. गंभीर चौकशी, अपघात किंवा फौजदारी शक्यता असलेल्या विषयात बाहेरचा वकील लवकर नेमावा. ईमेलमध्ये घटना आणि मत वेगळे ठेवावे. आणि जे लिहिले ते एक दिवस न्यायाधीश वाचतील हे धरूनच लिहावे. लेखी विरोध नोंदवायला मात्र कचरू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याने लागू कायद्यांच्या पालनाची व्यवस्था उभारल्याचे विधान संचालकांकडून मागितले आहे. त्या विधानाखाली सही करणाऱ्याला धोका कळवणे हे विधी अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. पत्र वरिष्ठाने दाबले तर विषय लेखापरीक्षण समितीपर्यंत नेण्याची तयारी हवी.

दुसरा प्रश्न सनदेचा, आणि तो तरुणांच्या करिअरला थेट भिडतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. २००१ मध्ये सतीशकुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका पक्की केली. म्हणजे रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयातून किंवा मुंबई-पुण्यातून पदवी घेऊन कंपनीत शिरणाऱ्याला सनद स्थगित करावी लागते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. न्यायाधीश होण्याची थोडीही इच्छा असेल त्याने आधी तालुका किंवा जिल्हा न्यायालयात तेवढी वर्षे काढावीत. ज्याला कंपनीतच राहायचे आहे त्यालाही ही वर्षे वाया जात नाहीत, कारण मनाई हुकूम कसा मिळतो आणि कसा उठतो हे न्यायालयात उभे राहूनच कळते. कंपनी सेक्रेटरीची परीक्षा जोडीला असेल तर संचालक मंडळाच्या खोलीचे दार लवकर उघडते.

पहिली नेमणूक शक्य असेल तर प्रकल्पस्थळी घ्यावी, मुख्य कचेरीत घेऊ नये. धक्का, बॉयलर, राखेचा बंधारा आणि ग्रामपंचायतीची कचेरी ज्याने पाहिली त्याच्या सल्ल्याला पुढे मुंबईतही वजन येते. अभ्यास मात्र कधी थांबत नाही. १९०८ चा बंदर कायदा, १९२३ चा बॉयलर कायदा आणि १९४८ चा कारखाने कायदा यांवर ज्यांची नोकरी गेली, त्यांना २०२५ च्या एकाच वर्षात नवा बंदर कायदा, नवा बॉयलर कायदा आणि २१ नोव्हेंबरला लागू झालेल्या कामगार संहिता नव्याने वाचाव्या लागल्या. ज्याला पुढे नोकरी सोडून पुन्हा न्यायालयात उभे राहायचे असेल, त्याने राज्य बार कौन्सिलकडे अर्ज करून स्थगित सनद आधी सुरू करून घ्यावी. तोवर त्याला वकालतनाम्यावर सही करता येत नाही.